नियंत्रित आरोग्यविमा : खर्च, रुग्णसेवा आणि उपचारांची नामावली

औषधोपचाराचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न जुना आहे. कोणता उपचार करावयाचा हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न मात्र त्यामानाने नवा होय. रोगी जोपर्यंत स्वतःच्या पदरचे पैसे डॉक्टराच्या हाती ठेवीत असे, तोपर्यंत हे दोन्ही प्रश्न त्या दोघांमध्येच सुटत, किंवा न सुटता तसेच राहत. पैसे देणारी तिसरी संस्था, मग ती सरकार असो, विमा कंपनी असो वा कामगारांचा निधी असो, या व्यवहारात आली की ती साहजिकच विचारू लागते : हा उपचार आवश्यक होता काय, तो कोठे व्हावा, आणि त्यापोटी किती द्यावे? या विचारणेची जी पद्धतशीर यंत्रणा उभी राहते तिला अमेरिकेत ‘मॅनेज्ड केअर’ असे नाव पडले. ‘व्यवस्थापित सेवा’ हा तिचा शब्दशः पर्याय होईल. परंतु त्यातून नियंत्रणाचा अर्थ निसटतो, आणि तोच तर या पद्धतीचा गाभा आहे. म्हणून पुढील विवेचनात ‘नियंत्रित आरोग्यविमा’ हा शब्दप्रयोग योजिला आहे.

अशा विम्याचा खर्चावर व रुग्णसेवेवर काय परिणाम होतो, याची चर्चा बहुधा अर्थशास्त्राच्या परिभाषेत केली जाते. त्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. रुग्णालयांची निवड, पूर्वपरवानगी आणि ठरावीक दर ही नियंत्रणाची तीन साधने सर्वांच्या नजरेत भरतात. परंतु ती तिन्ही ज्या एका आधारावर उभी असतात तो म्हणजे उपचारांची नामावली. विमा रोगाला पैसे देत नाही. यादीतील नावाला पैसे देतो. हे विधान वरकरणी शाब्दिक वाटेल. त्याचे परिणाम मात्र शाब्दिक नाहीत, हे महाराष्ट्रातील योजनेच्या उदाहरणाने पाहता येते.

प्रथम या पद्धतीच्या उगमाकडे दृष्टी टाकणे इष्ट ठरेल. १९३३ च्या सुमारास कोलोरॅडो नदीचे पाणी लॉस एंजेलिसकडे नेणाऱ्या कालव्याचे काम मोहावीच्या वाळवंटात चालू होते. तेथील मजुरांसाठी सिडने गारफील्ड या तरुण शल्यवैद्याने एक लहानसे इस्पितळ उघडले. रोगी आल्यावर पैसे घेण्याच्या पद्धतीने ते इस्पितळ बुडू लागले, तेव्हा प्रत्येक मजुरामागे रोज पाच सेंट आगाऊ घेण्याची व्यवस्था करण्यात आली. पैसे आधीच हाती आल्यामुळे डॉक्टराचे हित उलटे फिरले : मजूर जितके कमी आजारी पडतील तितका इस्पितळाचा लाभ अधिक. गारफील्ड कामाच्या जागी जाऊन फळ्यांतून वर आलेले खिळे ठोकून घेऊ लागला, असे सांगतात. पुढे उद्योगपती हेन्री कैसर याच्या साह्याने या प्रयोगाचा विस्तार झाला आणि १९४५ साली तो सर्वसामान्य नागरिकांस खुला झाला. आज कैसर पर्मनेन्टे या नावाने ओळखली जाणारी संस्था ती हीच. १९७३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अशा संस्थांना उत्तेजन देणारा कायदा केला, आणि त्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथील बहुसंख्य नोकरदारांचा विमा या ना त्या प्रकारच्या नियंत्रणाखाली आला.

खर्च खरोखर कमी होतो काय? याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर रँड या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगातून मिळते. त्यात सिएटल येथील एका सहकारी आरोग्यसंस्थेत काही कुटुंबे चिठ्ठ्या टाकून घालण्यात आली, आणि मोफत परंतु अनियंत्रित उपचार मिळणाऱ्या कुटुंबांशी त्यांची तुलना करण्यात आली. (सहकाराच्या जोरावर वाढलेल्या सांगली जिल्ह्यातील वाचकास या संस्थेचे स्वरूप अपरिचित वाटू नये, सभासदच तिचे मालक होते.) सहकारी संस्थेतील खर्च सुमारे चतुर्थांशाने कमी भरला, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते, आणि बचत मुख्यतः तेथूनच झाली. सर्वसाधारण माणसाच्या प्रकृतीवर तिचा विपरीत परिणाम दिसला नाही. परंतु जे आधीच आजारी होते आणि शिवाय गरीब होते, त्यांची स्थिती नियंत्रित व्यवस्थेत तुलनेने वाईट राहिली. सरासरीच्या आकड्याखाली झाकली जाणारी ही गोष्ट पुढील विवेचनात पुन्हा पुढे येईल.

महाराष्ट्रात या विचाराची पहिली मोठी अंमलबजावणी कामगार राज्य विमा योजनेच्या रूपाने झाली. १९४८ च्या कायद्यान्वये आखलेली ही योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली. मुंबईच्या गिरणगावात तिने ‘पॅनेल डॉक्टर’ हा शब्द रूढ केला. कामगाराने यादीतील एक खाजगी डॉक्टर निवडावयाचा आणि त्या डॉक्टराला, कामगार आला वा न आला तरी, नावनोंदणीप्रमाणे दरडोई मानधन मिळावयाचे, ही ती व्यवस्था होय. गारफील्डच्या पाच सेंटांशी तिचे नाते उघड आहे. मात्र ती संघटित कारखान्यांतील कामगारापुरतीच होती. शेतमजूर, अल्पभूधारक, फेरीवाला यांना तिच्यात स्थान नव्हते.

या वर्गासाठी शासनाने १९९७ मध्ये जीवनदायी योजना आखली, आणि तिचे व्यापक रूप राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाले. नोव्हेंबर २०१३ पासून सांगलीसह सर्व जिल्ह्यांत ती लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबविली जाऊ लागली. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ‘जीवनदायी’ हाच शब्द पुष्कळ काळ राहिला. शासकीय नामांतर आणि लोकभाषा यांच्या गती भिन्न असतात, याचे हे एक लहानसे उदाहरण.

योजनेची रचना संपूर्णपणे नियंत्रित विम्याची आहे. उपचार केवळ ‘अंगीकृत’ रुग्णालयातच घ्यावा लागतो. तेथे आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी रुग्णाची शिधापत्रिका व ओळखपत्र तपासून नोंद करतो. रुग्णालय तपासण्यांचे कागद संगणकाद्वारे पाठवून पूर्वपरवानगी मागते. परवानगी मिळाल्यावर उपचार होतो. आणि उपचाराची ठरावीक रक्कम, जिला सर्वजण ‘पॅकेज’ म्हणतात, ती रुग्णालयास दाव्यानंतर मिळते. रुग्ण किती दिवस राहिला यावर ती रक्कम अवलंबून नसते. तपासण्या, औषधे, भोजन आणि परतीचे प्रवासभाडे हे सारे त्या एका आकड्यात धरलेले असते. २०१२ मध्ये शासन विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षास ३३३ रुपये देत असे आणि कुटुंबास दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळे. २०२० पासूनच्या टप्प्यात हा हप्ता ७९७ रुपये होता. प्रारंभीच्या यादीत ९७१ उपचार होते, पुढे ते ९९६ झाले. २०२३ च्या निर्णयानुसार संरक्षण पाच लाखांवर आणि यादी १३५६ उपचारांवर नेण्यात आली, आणि १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली झाली.

शिधापत्रिकेच्या रंगाचा उल्लेख सहज झाला, परंतु तो महत्त्वाचा आहे. २०२४ पूर्वी पिवळी व केशरी शिधापत्रिका असणारांनाच हा लाभ होता. एक लाखाहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्यांची पत्रिका शुभ्र. शुभ्र पत्रिकेच्या शेतकऱ्यांना सवलत होती, पण ती मराठवाडा व अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ आपत्तिग्रस्त जिल्ह्यांतच. सांगली त्यांत नव्हता. म्हणजे वाळवा तालुक्यातील उसाचे बिल कारखान्याकडून घेणारा लहान शेतकरी कागदोपत्री ‘शुभ्र’ ठरला की हृदयविकाराच्या वेळी तो योजनेच्या बाहेर पडे. आणि एका मोठ्या शस्त्रक्रियेने कर्जबाजारी होणारा वर्ग नेमका हाच. ज्याच्यापाशी विकावयास थोडी जमीन आहे त्याची जमीन दवाखान्यात जाते. ज्याच्यापाशी काहीच नाही तो कित्येकदा दवाखान्यापर्यंत जातच नाही.

आष्टा हे वाळवा तालुक्यातील नगरपालिकेचे गाव सांगलीहून इस्लामपूरकडे, म्हणजे आताच्या ईश्वरपूरकडे, जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रुग्णालयांच्या दृष्टीने ते दुर्दैवी नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले तेव्हापासून मिरज ही रोग्यांची पेठ बनलेली आहे. सांगलीत वसंतदादा पाटील यांच्या नावाचे शासकीय रुग्णालय आहे. पलीकडे सातारा जिल्ह्यात कराडचे कृष्णा रुग्णालय आहे. अशा परिसरात योजनेपुढील अडचण रुग्णालयाच्या अभावाची नसून रुग्णाला योग्य दारापर्यंत पोचविण्याची असते. गडचिरोलीचा प्रश्न वेगळा. तेथे यादीत उपचार असून तो करणारे रुग्णालयच जवळ नसते.

आता नामावलीच्या मुद्द्याकडे वळू. या परिसरातील एखाद्या पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या मजुराची कल्पना करावी. त्याला ‘शुगर’ आहे. तो हा शब्द मराठी म्हणूनच वापरतो. रोजची गोळी आणि अधूनमधूनची रक्ततपासणी एवढीच त्याची वैद्यकीय गरज. यादी मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या शस्त्रक्रिया व उपचारांची असल्यामुळे या गोळीला तिच्यात नाव नाही. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळावी अशी व्यवस्था आहे. ती संपलेली असली, किंवा दवाखान्याची वेळ म्हणजे मजुरीचीच वेळ असली, तर ती दुकानातून विकत घ्यावी लागते, आणि हात आखडला की प्रथम तीच बंद होते. काही वर्षांनी त्याची मूत्रपिंडे निकामी झाली, की त्याच क्षणी तो यादीत येतो : डायलिसिसला नाव आहे, मूत्रपिंडरोपणाला नाव आहे. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली तर अँजिओप्लास्टीलाही नाव आहे. गारफील्डच्या व्यवस्थेत डॉक्टराला खिळा ठोकण्यात लाभ होता. येथे खिळा पायात घुसेपर्यंत पैसा हलत नाही. दोन्ही व्यवस्थांना ‘नियंत्रित’ म्हटले जाते, परंतु एकीत माणसामागे आगाऊ रक्कम मिळते आणि दुसरीत घटनेमागे नंतर. हा भेद न पाहता ‘विम्यामुळे खर्च कमी होतो’ किंवा ‘वाढतो’ असे सरसकट म्हणणे निरर्थक होय.

राष्ट्रीय आरोग्यलेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात कुटुंबाने स्वतः केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे, आणि शासनाने आपला खर्च वाढविल्याचे ते द्योतक आहे. तरीही उरलेल्या भागात बाह्यरुग्ण उपचार व औषधे यांचा हिस्सा मोठा आहे, आणि रुग्णालयकेंद्रित योजना त्याला स्पर्शही करीत नाही.

यादीचा दुसरा परिणाम रुग्णालयाच्या वर्तनावर होतो. अमेरिकेत १९८३ पासून वृद्धांच्या सरकारी विम्यात रोगनिदानाचे गट पाडून प्रत्येक गटाला ठरावीक रक्कम देण्याची रीत आली. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर व जॉन थॉम्प्सन यांनी हे वर्गीकरण मूलतः रुग्णालयाच्या कामाचे मापन करण्यासाठी सिद्ध केले होते. त्याचे दरपत्रक झाले. रुग्णांचे रुग्णालयातील दिवस कमी झाले, हे खरे. परंतु त्याबरोबरच कागदोपत्री रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक आजारी दिसू लागले, कारण अधिक गंभीर नावाला अधिक मोल होते. वर्णनासाठी निर्माण केलेला शब्द जेव्हा किंमत ठरवू लागतो तेव्हा त्याचा अर्थ सरकू लागतो, हे भाषेच्या अभ्यासकास नवे नाही. भारतात याहून विदारक प्रकार घडला. केंद्राच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला पॅकेज होते. छत्तीसगड व बिहारमध्ये गरज नसताना अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले. महाराष्ट्रात काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठीच राखून ठेवण्यात आले. गैरवापर टाळणे हा त्यामागील एक हेतू मानला, तरी त्यामुळे शासकीय रुग्णालयात गर्दी असेल तर रुग्णाला वाट पाहावी लागते, ही त्याची दुसरी बाजू नाकारता येणार नाही.

जेथे नाव नाही तेथे काय होते, हे २०२० मध्ये सर्वांनी पाहिले. मार्चमध्ये इस्लामपुरात कोविडचे रुग्ण आढळले, तेव्हा या रोगाला यादीत नाव असणे शक्यच नव्हते. मे महिन्यात शासनाने योजना सर्व रहिवाशांना खुली केली. परंतु उपचार बसवावयाचा होता तो न्यूमोनिया, श्वसनक्रिया निकामी होणे इत्यादी आधीच्याच नावांखाली. परिणामी अत्यवस्थ रुग्णाला आधार मिळाला आणि मध्यम स्वरूपाच्या आजाराने खाजगी रुग्णालयात दाखल झालेल्या पुष्कळांना बिल स्वतःच भरावे लागले. संकटकाळात जुन्या नावांचा असा ताणून उपयोग करणे अपरिहार्य होते. दोष दाखविण्याचा हेतू नाही. पण यादीची मर्यादा इतक्या स्पष्टपणे एरवी दिसत नाही.

या सर्व विवेचनावरून योजना निष्फळ आहे असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. कर्नाटकातील वाजपेयी आरोग्यश्री योजना प्रथम उत्तरेकडील भागात लागू झाली होती. योजनेच्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंच्या खेड्यांची तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. योजनेत अंतर्भूत असलेल्या आजारांनी होणारे गरिबांचे मृत्यू योजनेच्या बाजूस ६४ टक्क्यांनी कमी आढळले, आणि रुग्णालयावरील पदरचा खर्चही सुमारे एकतृतीयांशाने घटला. त्या योजनेत खेडोपाडी तपासणीची शिबिरे घेऊन रुग्ण शोधले जात, ही बाब विसरता कामा नये. याउलट छत्तीसगडमधील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयुष्मान योजनेमुळे पदरच्या खर्चात घट झाल्याचे दिसले नाही. ‘कॅशलेस’ म्हटलेल्या उपचारातही खाजगी रुग्णालये वरकड रक्कम घेत होती. पॅकेजचा दर परवडत नाही आणि देयके वेळेवर मिळत नाहीत, ही रुग्णालयांची तक्रार सर्वत्र ऐकू येते, आणि ती सर्वस्वी खोटी नसावी. परंतु तिची भरपाई रुग्णाच्या खिशातून होते तेव्हा नियंत्रणाचा अर्थच उरत नाही. दर ठरविला, पण तो पाळला जातो की नाही हे पाहणारे कोणी नसले, तर रुग्णाच्या दृष्टीने दर ठरलाच नाही.

देखरेख करणारांपाशी कागद असतात. त्या कागदांची अवस्था काय असू शकते हे महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने दाखविले. आयुष्मान योजनेच्या देशभरच्या नोंदींत सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. तो क्रमांक म्हणजे दहा वेळा लिहिलेला नऊचा आकडा.

राहता राहिला तो आरोग्यमित्र. योजनेच्या आर्थिक चर्चेत त्याला स्थान नसते, आणि तरीही आष्ट्याहून मिरजेच्या रुग्णालयात पोचलेल्या कुटुंबाची पहिली गाठ त्याच्याशीच पडते. रोगी सांगतो : छातीत कळ येते, धाप लागते, जिना चढवत नाही. डॉक्टर केसपेपरवर इंग्रजी आद्याक्षरांत निदान लिहितो. संगणकाला हवा असतो उपचाराचा सांकेतिक क्रमांक. या तीन भाषांच्या मध्ये उभा राहून, एकीतील मजकूर दुसरीत बसतो की नाही हे सांगण्याचे काम त्याच्याकडे येते. ‘बसत नाही’ हा त्याच्या तोंडचा शब्द रोग्याच्या नातेवाइकांना निदानाइतकाच निर्णायक वाटतो. हा नकार कशाचा, कागद अपुरा म्हणून, रुग्णालय त्या उपचारासाठी अंगीकृत नाही म्हणून, की उपचारच यादीत नाही म्हणून, हे त्यांना पुष्कळदा कळत नाही. आणि तीन कारणांवरचे उपाय तीन वेगळे आहेत. पहिल्यात गावी परत जाऊन तहसील कचेरीतून कागद आणावयाचा, दुसऱ्यात शेजारच्या रुग्णालयात जावयाचे, तिसऱ्यात मात्र पैसे उभे करावयाचे किंवा धर्मादाय खाटेसाठी अर्ज करावयाचा. नकाराचे कारण मराठीत, एका कागदावर, तारखेसह लिहून रोग्याच्या हाती देण्याची रीत सर्वत्र पाळली गेली तर तिला खर्च जवळजवळ काहीच नाही. योजनेच्या कागदांत रोग्याला ‘लाभार्थी’ म्हटले जाते. लाभ देणाराने दिला तर मिळतो. कर भरणाऱ्या समाजाने ज्याचा हप्ता आधीच भरलेला आहे त्याला ‘विमाधारक’ हा शब्द अधिक यथार्थ ठरला असता, आणि नकाराचे कारण विचारण्याचा अधिकार त्या शब्दातच अनुस्यूत आहे.